भाग दुसरा, भूत तेच

भुतांना कुठे तक्रार करायची सोय असती, तर मुलुंडातल्या सगळ्या भुतांनी एकत्र येऊन आमच्या साडूभाऊंविरुद्ध निवेदन दिलं असतं. जिवंत माणसाने भुतांच्या खाजगी आयुष्यात इतकं नाक खुपसलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी निवृत्त झाल्यावर एक भयपट काढला. स्वतःच्या फोनवर, सासूबाईंच्या जुन्या फ्लॅटमध्ये, आणि भूत म्हणून खुद्द सासूबाईंना घेऊन. सासूबाईंच्या सोसायटीच्या गणपतीत अंताक्षरी आणि बक्षीस समारंभ यांच्यामध्ये, दोन खांबांना बांधलेल्या चादरीवर तो दाखवला गेला. पोरंटोरं किंचाळत होती, बायका एकमेकींचे दंड धरून बसल्या होत्या, आणि भूत अंधाऱ्या पॅसेजमधून सावकाश वळून कॅमेऱ्याकडे बघणार, नेमक्या त्या क्षणी मी हसलो. माझा इलाज नव्हता. वळण्याआधी सासूबाईंनी पदर नीट केला होता. चार लोकांपुढे यायचं म्हटल्यावर भुतानेसुद्धा नीटनेटकं असावं, हे त्यांचे संस्कार. पण मी हसलो ते असं मोठ्याने, की किंचाळणारी पोरं थांबून माझ्याकडे बघायला लागली आणि मग तीही हसायला लागली. एका माणसाच्या बेसावध हसण्याने अख्ख्या भयपटाची वाट लागली. साडूभाऊ दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. भाऊबीजेला बोलले ते एवढंच, "धाकटे, जो माणूस भुताला हसतो त्याला कॅमेऱ्यापुढे बसवू नये. मागे उभा करावा." दुसऱ्या भागाचा कॅमेरामन म्हणून माझी नेमणूक झाली ती अशी.

साडूभाऊंची सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत, दावे मंजूर करण्याच्या टेबलावर गेली. समोर बसलेल्या माणसाला "कसे गेले?" हा प्रश्न इतकी वर्षं विचारल्यावर तो जिभेवरून उतरत नाही. घाटकोपरला आमच्या एका भाच्याची वास्तुशांत होती. होमाचा धूर अजून खोलीत होता, गुरुजी दक्षिणेची वाट बघत होते, आणि साडूभाऊंनी भिंतीवर टकटक करत यजमानांना विचारलं, "आधीचे मालक कसे गेले?" "बदली झाली म्हणून गेले, पुण्याला," भाचा म्हणाला. साडूभाऊंचा चेहरा असा पडला, की भाच्याच्या बायकोने त्यांना श्रीखंडाची जास्तीची वाटी दिली. कुणाच्याही घरी गेले की ते बसत नाहीत. आधी दरवाजे उघडून मिटून बघतात. कुरकुरणारा दरवाजा मिळाला की फोन काढून त्याचा आवाज टिपून घेतात आणि घरच्यांना बजावतात, "तेल घालू नका हं. असा आवाज आता मिळत नाही." आमच्या अंधेरीच्या घरातला न्हाणीघराचा दरवाजा त्यांच्या शब्दाखातर अजून तसाच ठेवलाय. रात्री कुणी उठलं की सगळी इमारत उठते. आणि एवढा हा शूर माणूस पालीला घाबरतो. पहिल्या भागातल्या कॅमेऱ्याच्या थरथरण्याचं ज्यांनी ज्यांनी कौतुक केलं, त्यांना हे ठाऊक नाही, की त्या प्रसंगात ट्यूबलाइटमागून एक पाल डोकावली होती.

त्यांच्या भयपटाची तऱ्हा वेगळी. त्यात गोष्ट कुणी सांगत नाही. एका रिकाम्या घरात कुणाचातरी फोन सापडतो, त्यातलं चित्रण म्हणजेच सिनेमा. "तत्त्व सोपं आहे, धाकटे," ते मला सांगायचे. "फोन सापडतो. माणूस सापडत नाही." हे वाक्य ते अशा चवीने म्हणायचे, की ऐकणाऱ्याने आपला खिसा चाचपावा. दुसरं तत्त्व म्हणजे वेळ दुपारची. रात्रीची भुतं सिनेमावाल्यांनी काढली, असं त्यांचं मत. "आमच्या कोकणात बारा वाजता वडाखालून जाऊ देत नसत. उन्हात स्वतःची सावली पायाखाली गेली ना, की माणसाला सोबत उरत नाही." आणि तिसरं तत्त्व दुसऱ्या भागापुरतं होतं. घर तेच, भूत तेच. "भूत बदललं की लोक चिडतात हो."

पण भूत बदललं होतं.

मधल्या काळात सासूबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅस, मग गॅसवर काय ठेवलंय ते. सोसायटी पाडून टॉवर उभा राहायचं ठरलं तेव्हा त्या साडूभाऊंकडे राहायला आल्या, दोन गल्ल्या सोडून. तिथे गेल्यापासून तर त्यांचा धागाच सुटला. थोरल्या मुलीला त्या कधी बहीण समजायच्या, कधी शेजारीण. माझी बायको दर रविवारी अंधेरीहून जायची . साडूभाऊंना त्या काहीच म्हणत नसत. ते खोलीत आले की पदर सावरून उठून उभ्या राहायच्या, बँकेतला साहेब आल्यासारख्या. ज्या जावयाला त्यांनी चाळीसएक वर्षं 'जावईबापू' म्हणून हाक मारली, त्याला हाक मारायचंच थांबवलं. साडूभाऊंनी हे कधी बोलून दाखवलं नाही. आम्ही कुणी विषय काढला तर "वयाने होतं" म्हणून उठून जायचे. मग एक दिवस त्यांनी दुसऱ्या भागाची गोष्ट ऐकवली. एक भूत असतं. ते मेलंय, हे त्याला आठवत नसतं. ते घरभर हिंडतं, वस्तू शोधतं, माणसांना नावं विचारतं. बस्स, एवढंच. आईंना जे जे येईनासं झालं होतं, ते ते त्यांनी भुताच्या भूमिकेत बसवून टाकलं होतं.

"भावजी, आईला त्या घरात परत न्यायचं नाही," माझी बायको म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले ठाऊक आहे ना? एकदा का तिकडे गेली, की इकडे यायला तयार होणार नाही. हाल होतील तिचे."

"सोमवारी बिल्डर इमारत पाडायला घेणार," साडूभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले. "त्यांना एकदा ते घर बघू दे गं. मी सिनेमा काढतोय म्हणून तुम्ही मला वेडा म्हणा. पण बघू दे."

शेवटी थोरलीने मध्यस्थी केली. दोघी बहिणी घरी स्वयंपाक करतील, आम्ही दोघांनी आईंना न्यायचं, तासाभरात आणायचं. निघताना बायकोने माझ्या शर्टाची बाही धरली. "अहो, शूटिंगचा काय घोळ घालायचा तो घाला. आईचा हात सोडायचा नाही. कळलं?"

"नाही सोडत गं."

"भावजींच्या नादात तुम्ही सगळं विसरता. म्हणून सांगतेय."

इमारत रिकामी म्हणजे किती रिकामी असते, हे आत शिरल्याशिवाय कळत नाही. मीटर काढून नेलेले, खिडक्यांच्या चौकटी उपटलेल्या, जिन्याचा लाकडी कठडासुद्धा कुणीतरी पळवलेला. भर दुपारी जिन्यात संध्याकाळ झालेली. प्रत्येक मजल्यावर दारं सताड उघडी, आणि ज्या दारांतून वर्षानुवर्षं फोडणीचे वास यायचे तिथून नुसता दमट वारा. आमच्या पावलांचा आवाज आमच्या पुढे चढून जात होता. मी घाबरत नाही म्हणून नेमलेला माणूस. पण सासूबाईंचा हात मी धरला होता की त्यांनी माझा, हे सांगणं कठीण आहे. त्या मात्र एकेक पायरी ओळखीची असल्यासारख्या चढत होत्या. तिसऱ्या मजल्यावर, शेवटच्या, स्वतःच्या दारापुढे आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि नीट जोडीने ठेवल्या. आत फक्त एक प्लास्टिकची खुर्ची आणि धूळ होती.

साडूभाऊंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पुढ्यात उकिडवे बसून समजावलं, "आई, तुम्ही फक्त या खोलीतून त्या खोलीत जायचं. मध्ये थांबायचं. काही बोलावंसं वाटलं तर बोला." मग माझ्या हातात फोन देत म्हणाले, "घ्या. दोन्ही हातांनी धरा. आणि हलवा जरा! घाबरलेला माणूस असा पाट धरल्यासारखा फोन धरतो का?" दोन हातांनी फोन धरायचा म्हणजे तिसरा हात हवा. मी सासूबाईंचा हात सोडला. साडूभाऊ "चला!" म्हणाले, मी कर्तव्यदक्षपणे लाल बटण दाबलं, आणि सासूबाई उठल्या.

त्या दिवशी त्या जे चालल्या ते मी विसरणार नाही. भिंतीवर जिथे घड्याळ होतं तिथे थांबून त्यांनी किती वाजले ते पाहिलं. देवघराच्या कोनाड्यापुढे हात जोडले. झोपायच्या खोलीच्या दारात उभं राहून आतल्या कुणालातरी अगदी हळू आवाजात विचारलं, "उठलात?" त्या खोलीत माझे सासरे अंथरुणाला खिळून होते, शेवटची दोन वर्षं. साडूभाऊंच्या तोंडून "कट" निघायलाच वेळ लागला. मी पुन्हा बटण दाबलं, आणि फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला. सासूबाई खुर्चीवर जाऊन बसल्या.

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने त्यांना घेऊन घर गाठलं असतं. पण साडूभाऊंचा जीव त्या झोपायच्या खोलीच्या दरवाज्यात अडकला होता. मुलुंडात असा कुरकुरणारा दरवाजा दुसरा नाही, असं ते म्हणायचे. "हा मी बिल्डरला देणार नाही," म्हणत त्यांनी खिशातून पेचकस काढला. "धाकटे, खालून उचलून धरा." मी धरला. "वर! वर घ्या! अहो, हळू, त्याचा आवाज जाईल!" "भाऊ, माझं बोट!" "बोट नंतर बघू." अशा झटापटीनंतर दरवाजा सुटला, आणि आम्ही दोघं तो मयताच्या बांबूंसारखा खांद्यावर घेऊन बाहेरच्या खोलीत आलो.

खुर्ची रिकामी होती.

"आई?" साडूभाऊ म्हणाले. साधंच, घरात हाक मारावी तसं. मग मोठ्याने. मग जिन्यात तोंड काढून. इमारतीने प्रत्येक मजल्यावरून ती हाक आम्हाला परत केली. चपला दाराशी जोडीने तशाच होत्या. मी खाली धावलो, वाटेत प्रत्येक उघड्या दारात डोकावत. एका घरात भिंतीवर लहान मुलांच्या उंचीच्या खुणा, एका न्हाणीघरात फुटकी बादली. माणूस कुठेच नाही. फाटकाशी वॉचमन डबा खात बसला होता. शेजारी कामगारांचा जनरेटर घरघरत होता. "बाहेर? नाय साहेब, कोणच नाय गेलं. मी हितंच हाय." "नक्की?" "आईशप्पथ." म्हणजे आत. कठडा नसलेल्या जिन्याच्या, चौकटी नसलेल्या खिडक्यांच्या या इमारतीत, अनवाणी. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. बायको.

"अहो, आटपलं का? आई काय करतेय?"

"बसल्यात," मी म्हणालो. खोटं बोलायला मला कधी जमत नाही, त्या दिवशी इतकं सहज जमलं की माझी मलाच भीती वाटली.

"द्या तिच्याकडे."

"हातात... हातात फोन आहे माझ्या. म्हणजे, शूटिंग चालू आहे. येतोच आम्ही."

"हात धरलाय ना तिचा?"

"हो," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

वर आलो तर साडूभाऊ रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. खाली बघायचं म्हणून ते खिडकीपर्यंत गेले असावेत आणि बघायचा धीर झाला नसावा, कारण खिडकी आणि खुर्ची यांच्यामधल्या धुळीत त्यांच्या जाऊन फिरलेल्या पावलांचे ठसे होते. ती खिडकी मी बघितली. खाली फक्त राडारोडा होता. "नाहीयेत तिथे," मी म्हणालो, तेव्हा त्यांनी श्वास घेतला. "धाकटे," ते म्हणाले, "पालीपेक्षा वाईट काही असतं, हे मला ठाऊक नव्हतं हो." हे ऐकून एरवी मी हसलो असतो.

त्यांच्या फोनमधला नंबर लावून सोसायटीच्या सेक्रेटरीला बोलवावं म्हणून मी ओट्याकडे वळलो, आणि बघतो तर पडद्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. फोन चित्रण करत होता. मला काही कळेना. साडूभाऊंना कळलं. "मी चालू करूनच दिला होता तुम्हाला," ते म्हणाले. म्हणजे "चला!" म्हटल्यावर मी बटण दाबून तो बंद केला होता, आणि "कट" म्हटल्यावर चालू. सासूबाईंचं ते चालणं, ते हात जोडणं, ते "उठलात?", सगळं हवेत गेलं होतं. फोनमध्ये होतं ते त्यानंतरचं.

आम्ही दोघं ओट्याशी डोक्याला डोकं लावून ते बघायला लागलो. फोन सापडला होता, माणूस सापडत नव्हता. साडूभाऊंच्या मनात ते वाक्य आलं असणार, कारण त्यांनी स्वतःचा खिसा चाचपला.

आधी माझं पोट दिसलं. मग छतावरचा पंख्याचा हूक. मग चित्र स्थिर झालं: स्वयंपाकघराचं दार, पलीकडे खुर्चीचा पाय, आणि त्यामागे बाहेरचं दार. लांबून आमचे आवाज येत होते, "वर घ्या, वर!" खुर्चीचा पाय सरकला. पांढऱ्या लुगड्याचा काठ दारात आला. सासूबाई आत आल्या. त्यांनी नळ फिरवला. पाणी आलं नाही. तळहाताने ओट्यावरची धूळ पुसली, पुसून हात बघितला, आणि एकदम मान वर करून कान दिला. चित्रणात खालच्या जनरेटरची घरघर ऐकू येत होती. त्या सरळ फोनपाशी आल्या, इतक्या जवळ, की पडदाभर त्यांचा चेहरा झाला. आणि आमच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "मोटर चालू राहिलीये. टाकी वाहत असेल. यांना मेल्यांना कुणाला ऐकू येत नाही." मग त्या वळल्या, पदर नीट केला, बाहेरच्या दारातून निघाल्या आणि डावीकडे गेल्या. त्यानंतर पडद्यावर नुसतं रिकामं स्वयंपाकघर, आणि लांबून साडूभाऊंचा आवाज, "हळू, त्याचा आवाज जाईल!"

उजवीकडे जिना खाली जातो. डावीकडे गच्चीवर.

या बाईने कित्येक वर्षं त्या सोसायटीची टाकी राखली होती. शेवटचा मजला त्यांचा, त्यामुळे पाणी वाहायला लागलं की पहिल्यांदा त्यांना ऐकू यायचं. कुणाला सांगायचं नाही, ओरडायचं नाही, स्वतः गच्चीत जाऊन कठड्यावरून वाकून वॉचमनला "बंद कर रे!" म्हणायचं. कठड्यावरून वाकून. आणि त्या बाजूचा कठडा कामगारांनी राडारोडा खाली टाकायला फोडून ठेवलेला, हे आम्ही येताना रस्त्यावरूनच पाहिलं होतं.

साडूभाऊंचे गुडघे दुखतात. ते चढण नको म्हणून लग्नाकार्यातला वरचा हॉल टाळतात. त्या दिवशी ते माझ्यापुढे होते. गच्चीचं दार ढकललं आणि उन्हाने डोळेच मिटले. उघडले तेव्हा आधी ती फुटकी जागा दिसली, तिथून सरळ दिसणारा येऊरचा डोंगर, आणि मध्ये कुणीच नाही. मी चार पावलं त्या बाजूला टाकली, आणि मागून आवाज आला, "तिकडे जाऊ नका. कठडा पडलाय."

सासूबाई टाकीच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या. ओसरीवर बसावं तशा, अगदी निवांत.

"टाकी कोरडी आहे," त्या म्हणाल्या. "पाणी कुणी सोडलंच नाही."

साडूभाऊ त्यांच्यापुढे मटकन बसले. सासूबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, मग माझ्याकडे, मग खालच्या रिकाम्या मजल्यांच्या दिशेने. "कुणी राहिलं नाही हो खाली," त्या साडूभाऊंना म्हणाल्या. "मी सगळी दारं बघत आले. तुम्ही मला भूत व्हायला सांगितलंत, पण माणसंच नाहीत. मी घाबरवू कुणाला?"

साडूभाऊ म्हणाले, "मला घाबरवा, आई."

सासूबाईंनी जरा विचार केला. पदर नीट केला. आणि दोन्ही हात वर करून, नातवंडांना करायच्या तसं, हळूच म्हणाल्या, "भॉक्!"

मी साडूभाऊंना इतकं मनापासून घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते दचकले, मागे रेलले, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि बराच वेळ झाकूनच ठेवलं. सासूबाई एकदम कळवळल्या. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, रडवलं का मी? उगी. ऊन फार आहे. घरी चला, जेवायची वेळ झाली." नाव काही घेतलं नाही त्यांनी. पण हात मात्र काढला नाही, आणि जिना उतरताना त्यांनी साडूभाऊंचा हात धरला, माझा नव्हे.

सासूबाई घरी परत यायला नकार देतील ही बायकोची भीती खोटी ठरली. "तिथे कुणी राहत नाही," असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत होत्या. आम्ही बहिणींना सगळं खरं सांगितलं, कारण आमच्या खांद्यावर दरवाजा होता आणि साडूभाऊंच्या चेहऱ्यावर सगळंच होतं. त्यानंतर त्या घरात जे काही ऐकावं लागलं ते आम्ही दोघा साडूंनी भातात तोंड घालून ऐकलं.

इमारत आता नाही. पत्र्याच्या कुंपणामागे खड्डा आहे, आणि खड्ड्यावर एक उंच क्रेन. सासूबाई आता फारशा उठत नाहीत. साडूभाऊंनी दुसऱ्या भागाचं नाव काढणं सोडलंय, पण तो दरवाजा त्यांनी सासूबाईंच्या खोलीला बसवून घेतला. सुताराला तेल घालू दिलं नाही. रात्रीबेरात्री आई उठल्या की कळतं, म्हणतात. कुणाकडे गेले तर आता भिंतीवर टकटक करत नाहीत. नुसतेच बसतात. मला त्यांच्या त्या टकटकीची इतकी सवय झाली होती, की परवा आमच्याकडे आले तेव्हा मीच त्यांना म्हटलं, "भाऊ, न्हाणीघराचा दरवाजा बघून येता का?" ते गेले. दोनदा उघडला, दोनदा मिटला. बाहेर येऊन म्हणाले, "अजून चांगला आहे." तेवढ्यावर मला बरं वाटलं.

जाताना त्यांनी ते चित्रण माझ्या बायकोच्या फोनवर पाठवलं. तिने त्या दिवसापासून ते बघायला नकार दिला होता. ते गेल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बघत बसली. माझं पोट, पंख्याचा हूक, रिकामं दार. आईने नळ फिरवला, ओटा पुसला, वर बघितलं. "यांना मेल्यांना कुणाला ऐकू येत नाही," इथे ती हसली. मग मागे घेऊन पुन्हा बघितलं. मी आपला दारात उभा होतो, आता काहीतरी ऐकावं लागणार म्हणून. हात सोडल्याबद्दलचं व्याज तिने अजून पुरतं वसूल केलेलं नव्हतं.

तिने फोन पालथा ठेवला आणि पदराने डोळे टिपले.

"रविवारी आईकडे जाऊ ना," ती म्हणाली, "तेव्हा फोन तुम्हीच धरा. आणि ते बटण तुम्ही दाबता तसंच दाबा, उलटं."